धोंडबा निनाव्यांचं बोट

नागपूरच्या धरमपेठेत शंकरनगर चौकातून आत वळलं की काचेच्या दाराचं एक दुकान लागतं. पाटी एवढीशी, आणि दारावर कायद्याने चिकटवायला लावलेला इशारा पाटीच्या चौपट. आत सिगार मिळतात. ते घ्यायला येणारी माणसं रस्त्यावर कितीही हॉर्न वाजवत आलेली असोत, दार लोटलं की आवाज खाली आणतात.

या दुकानात रोज सकाळी अकरा वाजता एक म्हातारा मागच्या मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतो. साबण लावत नाही, कारण साबणाचा वास पानाला लागतो. घरून आणलेल्या पंच्याने एकेक बोट पुसतो, मग काचेच्या खोलीत जातो. तिथे देवदाराच्या फळ्यांवर सिगारच्या पेट्या मांडलेल्या असतात. कुठल्याही एका पेटीतून तो एक सिगार उचलतो, अंगठा आणि दोन बोटांत धरून तीन जागी हलकेच दाबतो, आणि एक शब्द बोलतो. तो शब्द ऐकला की दुकानाचा मालक ऋषिकेश गल्ल्याशी जाऊन बसतो आणि दिवस सुरू होतो.

म्हाताऱ्याचं नाव धोंडबा निनावे. वय एकाहत्तर. आडनाव निनावे असलं तरी एके काळी इतवारीत त्याच्याइतकं नाव कोणाचं नव्हतं. त्यातलं बरंचसं शिव्यांत घेतलं जायचं, पण ते पुढे येईल.

तंबाखूचं पान मोठं नाजूक असतं. कोरडं पडलं की चुरा होतो, ओल जास्त झाली की फुगतं, विझत विझत जळतं, आणि तशीच राहिली तर बुरशी धरतं. आता नागपूरची हवा म्हणाल तर मे महिन्यात तासाभरात पापड वाळतो आणि भाद्रपदात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. अशा गावात दूरदेशाहून आलेल्या सिगारला बारा महिने एकाच ओलीत ठेवायचं, म्हणजे माहेरी लाडावलेल्या पोरीला सासरी नांदवण्यासारखंच काम. त्यासाठी खोलीत पाण्याचा स्पंज असलेली एक डबी असते आणि भिंतीवर ओल मोजणारं एक छोटं मीटर असतं. मीटर सत्तरच्या आसपास असलं म्हणजे झालं, असं पुस्तक सांगतं.

धोंडबाच्या पुस्तकात आकडे नव्हते. तीन शब्द होते. पान कोरडं असलं तर तो म्हणायचा ‘तहानलेला’. ओल जास्त असली तर ‘पेलेला’, म्हणजे पिऊन बसलेला. आणि नेमकं असलं तर ‘जिवंत’. हे शब्द तो बिडीच्या तेंदूच्या पानावर शिकला. वयाच्या बाविसाव्या वर्षी तो ऋषिकेशच्या आजोबांच्या इतवारीतल्या बिडी कारखान्यात लागला, तेव्हा जंगलातून आलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि पोतं न उघडता तळाचं पान कसं आहे ते सांगायचा. मोठ्या मालकांनी दोन-तीनदा पोती उलटी करून पाहिली. बोट ठेवायला जागा सापडली नाही. मग त्यांनी त्याला चेकरच्या स्टुलावर बसवलं.

चेकर म्हणजे काय, हे बिडीवाल्या वस्तीत जन्मलेल्यालाच कळतं. बायका घरी बिड्या वळायच्या आणि संध्याकाळी टोपल्या घेऊन कारखान्याच्या दाराशी रांग लावायच्या. चेकर मूठभर बिड्या उचलायचा, बोटांतून फिरवायचा, आणि नापसंत बिड्या बाजूच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. त्या टाकलेल्या बिड्यांना छाट म्हणायचे. छाट परत मिळायची नाही आणि तिचा मोबदलाही मिळायचा नाही. डब्यात बिड्या पडल्याचा आवाज आला की रांगेतली बाई जिथल्या तिथे गप्प व्हायची आणि घरी जाताना धोंडबाच्या नावाने बोटं मोडायची. धोंडबा तसा लबाड नव्हता. चांगली बिडी त्याने कोणाची टाकली नाही.

एकीची सोडून. ती एक म्हणजे त्याची बायको, इंदूबाई.

लग्न होऊन इंदूबाई पाचपावलीत धोंडबाच्या घरी आली ती बिडीची पानं कापायची कात्री सोबत घेऊनच. तिचा हात वस्तीत सगळ्यात साफ. पण चेकरची बायको रांगेत उभी राहिली आणि तिची टोपली सरळ पास झाली, तर चाळीस बायका काय म्हणतील? धोंडबाला आपल्या नावाची फार काळजी. म्हणून तो इंदूबाईच्या टोपलीतून इतरांपेक्षा एक मूठ जास्त उचलायचा आणि न पाहता डब्यात टाकायचा. रोज. वर्षभर. बायका म्हणायच्या, माणूस कठोर आहे पण इमानदार आहे, घरचीलेही सोडत नाही. हे ऐकून त्याची छाती फुगायची. इंदूबाई घरी येऊन चूल पेटवायची. ती यावर कधी काही बोलली नाही, आणि न बोलणाऱ्या बाईला काही वाटत नसावं अशी धोंडबाची सोयीस्कर समजूत होती.

कारखाना बंद पडला. मोठे मालक गेले. पुढची पिढी दुसऱ्या धंद्यांत पसरली आणि नातू ऋषिकेश पुण्यामुंबईचं पाणी पिऊन परत आला तो सिगारचं दुकान काढायचं डोक्यात घेऊन. सहा वर्षांपूर्वी तो पाचपावलीत शोधत आला आणि म्हणाला, ‘‘काका, आजोबा म्हणत होते, पान समजायचं असेल तर धोंडबाचं बोट पाहिजे.’’ धोंडबा त्या दिवशी दोनदा चहा प्याला. त्याला पुन्हा स्टूल मिळालं. गिऱ्हाइकं यायची तेव्हा ऋषिकेश मुद्दाम सांगायचा की आमच्याकडे मीटर शोभेला आहे, खरं मीटर ते तिथे बसलंय. गिऱ्हाइकं कौतुकाने वळून पाहायची. धोंडबा पंच्याने बोटं पुसत राहायचा.

या वर्षी जानेवारीत मीटरचा सेल संपला. ऋषिकेशने नवा घातला आणि काचेच्या खोलीतूनच विचारलं, ‘‘काका, आज कसं आहे?’’ धोंडबाने सिगार दाबून पाहिला. बोटांना कडक लागला. ‘‘तहानलेला,’’ तो म्हणाला. ऋषिकेशने मीटरच्या मागे काहीतरी खुटखुट केली आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. धोंडबाने स्पंजला पाणी पाजलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्याच महिन्यात एका संध्याकाळी त्याने गॅसवरचं वरणाचं पातेलं सांडशीशिवाय उचललं आणि चार पावलं चालत जाऊन ताटापाशी ठेवलं. इंदूबाई पाहतच राहिली. त्याच्या बोटांवर टरटरून फोड आले होते आणि त्याला पत्ता नव्हता. दवाखान्यात साखर निघाली, जुनी, बरीच वर्षं मुकाट्याने वाढलेली. डॉक्टरने टाचणी टोचून पाहिली. दोन्ही हातांची बोटं पेरापर्यंत मेलेली होती. जे गेलं ते परत येईल असं समजू नका, एवढं डॉक्टर बोलला. घरी येऊन धोंडबाने बायकोला सांगितलं, ‘‘कमजोरी हाये म्हणते.’’ इंदूबाईने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि फोडांना खोबरेल लावलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता धोंडबाने हात धुतले, खोलीत गेला, सिगार उचलला, दाबला. काही नाही. सिगार आहे हे डोळ्यांना दिसत होतं, बोटांना ठाऊक नव्हतं. दारात ऋषिकेश वाट पाहत होता. धोंडबाला भीती वाटली. भीती पगाराची नव्हती. पोरगा भिलाईला कामाला होता, पोटापुरतं पाठवायचा. भीती अशी की हे बोट गेलं तर धोंडबा निनावे म्हणून मागे काय उरतं, याचा त्याला हिशेब लागेना. त्याची नजर भिंतीवर गेली. मीटर एकसष्ट दाखवत होतं.

‘‘तहानलेला,’’ धोंडबा म्हणाला.

तेव्हापासून रोज हेच. आधी डोळ्याच्या कोपऱ्याने मीटर पाहायचं, मग सिगार तीन जागी दाबायचं नाटक करायचं, मग शब्द बोलायचा. मीटर सत्तरच्या खाली असलं की तो स्पंजला पाणी पाजायचा, सत्तरला आलं की ‘जिवंत’ म्हणायचा. उन्हाळा असा गेला. पावसाळ्याचे तीन महिने असे गेले. ज्या यंत्राला सहा वर्षं तो नाक मुरडत आला होता, त्याच्या आड लपून बसायची वेळ आली, याची त्याला लाज वाटायची. पण यंत्र खोटं बोलणार नाही याची खात्रीही होती, आणि त्या खात्रीवर तो रात्री झोपत होता.

भाद्रपदाच्या सुरुवातीला, पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, दुकानात गौरांग आला. गौरांग सावनेरचा, कोळशाच्या ट्रकांचा धंदा. माणूस दिलदार. मुलीचं जमल्याबरोबर त्याने एक अख्खी पेटी घेतली होती आणि ती दुकानातच ठेवायला दिली होती. रविवारी साखरपुडा, त्यात व्याह्यांकडच्या मंडळींना पेटी फोडून वाटायची. बुधवारी तो सहज म्हणून आला आणि त्यातला एक ओढून पाहायला घेतला. सिगार पेटला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा तेच.

‘‘ऋषीभाऊ, हे काय होऊन राह्यलं?’’

‘‘माल चोख आहे, भाऊ,’’ ऋषिकेश म्हणाला. ‘‘रोज धोंडबाकाकांचा हात लागतो त्याला.’’

गौरांगने स्टुलाकडे पाहिलं आणि चक्क हात जोडले. ‘‘मंग माही माचिसच खराब असंन,’’ तो म्हणाला, आणि हसत निघून गेला.

शिवी खाऊन पचवायची सवय धोंडबाला चाळीस वर्षांची होती. हे जोडलेले हात मात्र पचेनात. दुपारभर तो काचेच्या खोलीत घुटमळला. मीटर सत्तर म्हणत होतं. सिगार डोळ्यांना जरा जाडसर वाटत होते, पण डोळ्यांवर त्याचा कधीच भरवसा नव्हता. शेवटी घरी निघताना त्याने आयुष्यात न केलेली गोष्ट केली. ज्या माणसाने कारखान्यातून कधी एक बिडी घरी नेली नव्हती, त्याने गौरांगच्या पेटीतला एक सिगार पंच्यात गुंडाळला आणि मेट्रोत बसला. उतरायचं दोसर वैश्य चौक स्टेशन येईपर्यंत त्याने पिशवी मांडीवरून हलवली नाही.

इंदूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. अंधार पडायला वेळ होता. धोंडबाने पंचा उलगडून सिगार सुपाच्या कडेला ठेवला.

‘‘पाह्य बरं वं हे.’’

‘‘काय हाये?’’

‘‘बिडीच हाये. साहेबाची बिडी.’’

इंदूबाईने हात पदराला पुसले, पण सिगार दाबला नाही. आडवा धरून गालाला लावला आणि डोळे मिटले. धोंडबाला आठवलं, कारखान्याबाहेरच्या बायका ओल्या बारदानातून पान काढून असंच गालाला लावायच्या. थंड लागलं तर ओल जास्त, खरखरलं तर कमी, आणि आपलीच कातडी असावी तसं लागलं तर वळायला घ्यायचं. चेकर लोक यावर हसायचे. म्हणायचे, बायकांचे लाड.

‘‘पेलेला हाये,’’ इंदूबाई म्हणाली. ‘‘आजचा नाई. लय दिसाचा पेऊन बसला.’’

‘‘पक्कं?’’

तिने सिगार परत पंच्यात ठेवला आणि सूप जवळ ओढलं. ‘‘बोटं कवापासून गेले तुमचे?’’

धोंडबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. ‘‘तुले कोणं सांगतलं?’’

‘‘सांगाले काय लागते? सदऱ्याची गुंडी लावाले पंधरा मिनिटं लावता तुमी. मी पाहून राह्यली नं फागुनापासून.’’

‘‘मंग बोलली काहून नाई?’’

‘‘तुमी कमजोरी म्हणले. मी म्हटलं, असंन कमजोरी.’’

ती पुन्हा खडे वेचायला लागली. धोंडबाला वाटलं आता ती विचारेल, दुकानात काय सांगता म्हणून. तिने विचारलं नाही. एक खडा सापडला, तो तिने अंगणात टाकला. धोंडबा अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिला आणि जेवताना त्याने दोनच घास खाल्ले.

गुरुवारी अकरा वाजता तो मोरीत गेला नाही. सरळ गल्ल्याशी जाऊन उभा राहिला आणि पंच्यातला सिगार काढून समोर ठेवला. ऋषिकेशने आधी सिगारकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

‘‘भाऊ, माह्या बोटाले लागत नाई.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मेले बोटं. साखरेनं. माघ-फागुनातच समजलं होतं मले. तवापासून मी तुमाले खोटं सांगून राह्यलो.’’

ऋषिकेशला हसावं की काय करावं ते कळेना. ‘‘पण काका, तुमचं तर रोज बरोबर निघून राहिलं. तुम्ही जिवंत म्हणता आणि मीटर सत्तर असतं. मी कधीकधी जाऊन पाहतो नं.’’

‘‘मीटरले पाहूनच सांगत होतो मी.’’

‘‘मग झालं तर. मीटर तर बरोबर आहे.’’

‘‘माही घरवाली म्हणते माल पेलेला हाये.’’

ऋषिकेशने काचेतून मीटरकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू बदलला. ‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘जानेवारीत सेल बदलला तेव्हा मीटर सत्तर दाखवत होतं. तुम्ही म्हणाले तहानलेला. मला वाटलं मीटर चुकलं. मी ते दहाने खाली आणलं.’’

‘‘कशावरून आणलं?’’

‘‘तुमच्या बोटावरून.’’

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जानेवारीत बोट आधीच मेलेलं होतं आणि मेल्याचं कोणालाच माहीत नव्हतं. त्या मेलेल्या बोटाने मीटरला खोटं शिकवलं, आणि मीटर आठ महिने तेच खोटं धोंडबाला परत सांगत राहिलं. मालक बोटाच्या भरवशावर, बोट मीटरच्या भरवशावर, आणि मध्ये बिचारे सिगार पाणी पीत बसले. यात कोणी कोणाला फसवलं हे ठरवायला बसलं तर दिवस पुरणार नाही.

तरी ऋषिकेशला पुरावा हवा होता, शिकलेल्या माणसाला हवा असतो. मीटरसोबत आलेला कागद त्याने खणातून शोधून काढला. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, दोन थेंब पाण्याने भिजवायचं, मीटरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. ओल्या मिठाच्या संगतीत खरं मीटर पंचाहत्तर दाखवतं. त्यात मनुष्याचं बोट कुठेच लागत नाही. सहा वर्षं तो कागद घडी न मोडता पडून होता, कारण घरात धोंडबा असताना कागद कोण वाचतो?

शुक्रवारी सकाळी डबा उघडला. मीटर पासष्ट म्हणत होतं.

म्हणजे खोलीत आठ महिने सत्तर नव्हते, ऐंशी होते. ऋषिकेशने खालच्या फळीवरच्या दोन पेट्या उघडल्या. एकीत तळाच्या सिगारवर पांढरी लव आली होती. आता प्रश्न असा की कुठला सिगार वाया गेला, कुठला हळूहळू सुकवून वाचेल आणि कुठला अजून धड आहे. मीटर खोलीची हवा सांगतं, एकेका सिगारच्या पोटातलं सांगत नाही. आणि गौरांगचा साखरपुडा परवा होता.

‘‘काका,’’ ऋषिकेश अडखळत म्हणाला, ‘‘काकू येतील का?’’

धोंडबा स्वतः घ्यायला गेला. इंदूबाईने धुतलेलं लुगडं नेसलं आणि विचारलं एवढंच, ‘‘दिवसभराचं काम हाये का?’’ मेट्रोत ती पहिल्यांदाच बसत होती. वाटभर ती खिडकीतून खालची घरं पाहत होती आणि धोंडबा तिच्या हातांकडे. दुकानात आल्यावर ती विचारायच्या आधीच मोरीत गेली, कोपरापर्यंत हात धुतले, चेहराही धुतला, आणि काचेच्या खोलीत जाऊन धोंडबाच्या स्टुलावर बसली. बसायला तेवढंच होतं. धोंडबा बाजूला उभा राहिला.

ऋषिकेशने दोन ट्रे ठेवले आणि सांगितलं, ‘‘काकू, धड असेल तो इकडे, बिघडलेला तिकडे.’’

‘‘छाट कोणत्या बाजूनं?’’ इंदूबाईने विचारलं.

‘‘काय?’’

‘‘डावीकडे,’’ धोंडबा म्हणाला.

गिऱ्हाइकाचा माल गालाला लावायचा म्हटल्यावर ऋषिकेशचा जीव खालीवर झाला. त्याने पातळ बटर पेपर आणून दिला, इंदूबाईने तो परत दिला. ‘‘कागदाले काय समजते?’’ म्हणाली. काही सिगार उजवीकडे गेले, बरेच डावीकडे. ती घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती. दुपारी दोन-अडीचला गौरांगची पेटी समोर आली.

इथे धोंडबाच्या मनात आलं ते सांगितलंच पाहिजे. त्याच्या मनात आलं की ही आपली बायको आहे. या पेटीतून थोडे जरी उजवीकडे गेले, तरी गौरांगला दोन शब्द सांगता येतील आणि बोटाचं नाव अगदीच मातीत जाणार नाही. रविवार निघून जाईल. पाहुण्याने विझलेला सिगार निमूटपणे खिशात घातला तर कोणाचं काय जातं? तो काही बोलला नाही. पण इंदूबाईने मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि तिला ते ऐकू गेलं असावं.

पहिला सिगार गालाला लावला. ‘‘छाट.’’ दुसरा. ‘‘छाट.’’ तिसऱ्याला जरा वेळ लागला. तो तिने दुसऱ्या गालालाही लावून पाहिला. ‘‘छाट,’’ ती म्हणाली आणि डावीकडे ठेवला. मूठभर कधीच उचलले नाहीत, एकेकच उचलत होती. एकही न पाहता टाकला नाही. पेटी रिकामी झाली तेव्हा तिच्यातलं उजव्या बाजूला काहीच नव्हतं.

ऋषिकेशने फोन उचलला आणि बाहेर गेला. काचेतून त्याचे ओठ हलताना दिसत होते. परत येऊन त्याने दारातूनच सांगितलं, ‘‘गौरांगभाऊ म्हणाले, साखरपुड्याला पेढे वाटतो, सिगार लग्नापर्यंत नीट करून ठेवा. आणि काका, तुमच्या हाताला काय झालं म्हणून विचारत होते.’’

‘‘काय सांगतलं?’’

‘‘जे झालं ते सांगितलं.’’ तो पुन्हा बाहेर गेला. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही फोन करायचे होते.

काचेच्या खोलीत दोघंच राहिली. इंदूबाईने पुढची पेटी ओढली, पण उघडली नाही.

‘‘अजी, एक इचारू?’’

‘‘इचार.’’

‘‘लग्नाच्या वर्षी तुमी माह्या टोपलीतून रोज एक मूठ डब्यात टाकत होते. त्या बिड्या खराब होत्या का?’’

धोंडबाने आपल्या बोटांकडे पाहिलं. चाळीस बायका, इमानदारी, नाव, सगळं सांगण्यासारखं होतं, आणि गेली सत्तेचाळीस वर्षं ते सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. तोंडातून त्यातलं काहीच निघालं नाही.

‘‘नाई,’’ तो म्हणाला. ‘‘एकबी नोती.’’

‘‘मले मालूम हाये,’’ इंदूबाई म्हणाली. ‘‘तुमाले मालूम होतं का, तेवढंच पाहाचं होतं.’’

धोंडबा भिंतीला टेकला. इंदूबाईने पेटी उघडली, वरचा सिगार उचलला, आणि तो स्वतःच्या गालाकडे न नेता हात लांब करून त्याच्या गालाला लावला.

‘‘सांगा,’’ ती म्हणाली.

धोंडबाने डोळे मिटले. पहिल्यांदा दाढीचे खुंट तेवढे लागले. मग त्यांच्या खालून हळूहळू गारवा आला.

‘‘पेलेला,’’ तो म्हणाला.

इंदूबाईने तो आपल्या गालाला लावून पाहिला आणि छाटीत टाकला.